दुसऱ्याचं पत्र

लाइटबिल भरायचं होतं, एवढंच. शनिवारी सकाळी मी कराडला पोचले, चहा झाला आणि नानांनी, माझ्या वडिलांनी, नेहमीसारखा फोन माझ्यापुढे सरकवला. "एवढं बिल भर गं, माझ्याच्यानं ते कुठंतरी अडकतंय." मी फोन घेतला, शोधायच्या चौकटीत बोट टेकवलं आणि एक अक्षर लिहायच्या आत खाली आधीच्या शोधांची यादी उघडली. प्रत्येक ओळीच्या आधी घड्याळाचं लहानसं चिन्ह. पहिली ओळ : खोकल्यातून रक्त येणे कारणे. दुसरी : टीबी घरातल्या लहान मुलांना होतो का. तिसरी : टीबी ताट वाटी वेगळी ठेवावी का. चौथ्या ओळीत कराड ते पंढरपूर एसटीच्या वेळा.

माझी भाची चार वर्षांची आहे. महिनाभर नाना तिला मांडीवर घेत नव्हते. ती जवळ आली की उठून अंगणात जात. वय झालं, आता पोरांचा गोंगाट सोसत नाही, असं वहिनी म्हणाली होती आणि मीही मान डोलावली होती. त्या तीन ओळी वाचल्या आणि महिनाभराचं सगळं लख्ख कळलं. नाना समोरच बसले होते, चष्मा पुसत.

मी बिल भरलं, फोन परत दिला, गच्चीवर गेले आणि भावाला फोन लावला. त्यानं वहिनीला सांगितलं. रात्री जेवायला बसलो तेव्हा भाचीचं ताट आतल्या खोलीत मांडलेलं होतं. नानांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. त्यांचा फोन एरवी कायम टीव्हीशेजारी पडलेला असायचा. जेवण झाल्यावर त्यांनी तो उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडायला आले तेव्हा गाडी लागल्यावर म्हणाले, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

टीबीच निघाला. थुंकीची तपासणी झाली, सहा महिने गोळ्या झाल्या, नाना आता ठणठणीत आहेत. घरात पाच वर्षांखालचं मूल म्हणून भाचीलाही डॉक्टरांनी प्रतिबंधक औषध दिलं. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून पसरत नाही, हेही तेव्हाच त्यांनी समजावून सांगितलं. म्हणजे माझ्या डोळ्यांना ते दिसलं हे बरंच झालं, न दिसतं तर आणखी दोन महिने गेले असते. हे मी नाकारत नाही. तरी त्या शनिवारी मी चुकले असं आज मला ठामपणे वाटतं, आणि त्या चुकीविषयी लिहिण्याआधी मी नानांना विचारलं आहे. "लिही, पण आधी मला वाचून दाखव," ते म्हणाले. दाखवलं. एक वाक्य त्यांनी काढायला लावलं, ते काढलं.

आईवडिलांचा फोन किंवा कॉम्प्युटर हा आता बहुतेक घरांत असा ऐवज झाला आहे, की जो येईल त्यानं उघडावा. मुलगा येतो, फोन उचलतो, पटापट बोटं फिरवतो. नातू येतो, गेम घेतो. जावई येतात, जागा भरली म्हणून फोटो काढून टाकतात. फोनचं कुलूप मुलांनीच ठरवलेलं असतं, बँकेचा पिन मुलांनीच निवडलेला असतो आणि तो मुलांच्या डायरीत असतो. ओटीपी कुणालाही सांगू नका असं बँक प्रत्येक मेसेजात बजावते, आणि आईला तो ओटीपी सगळ्यांत आधी विचारतो तो तिचा मुलगाच. हे सगळं प्रेमानं चाललेलं असतं. म्हणून त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

या मदतीच्या वाटेवर आपल्याला जे कळायला नको ते कळतं. वडिलांनी जुन्या मित्राला उसने दिलेले आणि परत न आलेले पैसे. आत्याशी जमिनीच्या वाटणीवरून चाललेली कडवट बोलणी. सुनेविषयी मावशीला पाठवलेला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. कुठल्याशा वृद्धाश्रमाचा पत्ता आणि महिन्याचा खर्च, चार वेळा शोधलेला. हे शेवटचं एका मैत्रिणीनं वडिलांच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. वडील तिच्याच घरी राहतात, तिला वाटत होतं ते सुखात आहेत. ती मला म्हणाली, "आता मी त्यांना काहीही वाढलं तरी मनात तेच येतं." न मागितलेलं असं एखादं ज्ञान एकदा आत शिरलं की बाहेर काढता येत नाही. ते ताटावर बसतं, बोलण्यात डोकावतं, साध्या प्रश्नालाही धार आणतं.

कळणं आपल्या हातात नसतं, हे मान्य. पण कळल्यानंतरचा पहिला शब्द कुणाशी बोलायचा, हे पूर्णपणे आपल्या हातात असतं. मी तो भावाशी बोलले. तो नानांशी बोलायला हवा होता, तिथंच, फोन हातात असताना : नाना, मला हे दिसलं, मुद्दाम पाहिलं नाही, पण दिसलं. ते चिडले असते, गप्प बसले असते, कदाचित रडले असते. त्यानंतर भावाला कोणी आणि कसं सांगायचं, हे आम्ही दोघांनी ठरवलं असतं. औषध तितक्याच लवकर सुरू झालं असतं. भाचीचं ताट मात्र त्यांच्या नजरेसमोर उचललं गेलं नसतं.

काळजीपोटी केलं, असं मी तेव्हा म्हणाले. भाऊही तेच म्हणाला. काळजी या शब्दाच्या पदराआड आपल्या घरांत फार गोष्टी झाकल्या गेल्या आहेत. मुलींचं शिक्षण काळजीपोटीच थांबवलं जायचं, विधवेला काळजीपोटीच माजघरात ठेवलं जायचं. ज्याची काळजी घेतली जाते त्याला न विचारता घेतलेली काळजी हळूहळू ताबा बनते, आणि ताबा घेणाऱ्याला ते शेवटपर्यंत कळत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात त्याची मुळं आहेत. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ साली त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. साऱ्या देशासाठी हा हक्क एका ऐंशीपुढच्या माणसानं मागून घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हातारपणी माणसाला खासगी असं काय उरतं, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर तेव्हाच उरतं. शरीर डॉक्टरांच्या ताब्यात जातं, पैसे मुलांच्या, दिवसाच्या वेळा सुनेच्या. मनातलं तेवढं स्वतःचं असतं, आणि आता तेही फोनमध्ये लिहिलं जातं. न्यायालय सरकारला बजावत होतं. दोन माणसांमधल्या स्वयंपाकघरात न्यायालय येत नाही, तिथं आपल्यालाच स्वतःला बजावावं लागतं.

आईच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, त्यानंतरचे आठवडे ज्यांनी घरात काढले त्यांना एक दृश्य आठवत असेल. आमच्याकडे ते तिसऱ्या दिवशी घडलं. आईनं तूरडाळीचा स्टीलचा डबा खाली घेतला, डाळ परातीत ओतली आणि तळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. नोटांना हिंगाचा वास होता. सगळ्यांसमोर त्या मोजल्या गेल्या. "एवढे कुठनं आले?" नानांनी विचारलं. रागानं नाही, नवलानं. आईनं उत्तर दिलं नाही, परातीतली डाळ परत डब्यात भरत राहिली. किती वर्षांचे ते पैसे होते, कशातून वाचवलेले, कुणासाठी ठेवलेले, ते आजही आम्हाला माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही. त्या दिवशी घराला कळलं ते कुणालाच कळायला नको होतं. एका बाईची चाळीस वर्षांची एकमेव बंद जागा त्या परातीत रिकामी झाली.

ते पैसे बँकेत गेले. तेव्हा आईकडे फोन नव्हता, म्हणून खात्याला भावाचा नंबर जोडला. पुढे तिला फोन घेऊन दिला, पण खात्याचा नंबर तोच राहिला. म्हणजे आईनं काढलेल्या प्रत्येक रुपयाचा मेसेज भावाच्या खिशात वाजायचा. तिनं मावशीला औषधपाण्यासाठी दोन हजार दिले, की संध्याकाळी भाऊ विचारायचा, "आई, आज पैसे काढलेस का गं? सगळं ठीक ना?" प्रश्न प्रेमाचा होता. पण दोनतीनदा असं झाल्यावर आईनं मावशीला पैसे देणं बंद केलं. मला हे ती दोन वर्षांनी म्हणाली, पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता.

आम्ही त्या आठवड्यात शाखेत गेलो. नंबर बदलायचा अर्ज, आधारची प्रत, आईची सही. तासाभराचं काम. भावाला आधी सांगितलं होतं, तो ओशाळला. इतकी वर्षं मेसेज येत होते आणि आपल्याला काही वाटलं नाही, असं तोच म्हणाला. हे काम प्रत्येकानं या महिन्यात करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आईच्या खात्याला आईचा नंबर. तिला मेसेज वाचता येत नसेल तर ती आपणहून कुणाला तरी वाचायला सांगेल, आणि ते कुणाला सांगायचं हे ती ठरवेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. म्हाताऱ्या माणसांना लुटणाऱ्या टोळ्या फोनमागे बसल्या आहेत, लक्ष ठेवायचं नाही तर काय करायचं? पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी म्हणून फोन येतो, तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असं सांगितलं जातं, व्हिडिओ कॉल सुरू ठेवायला लावतात आणि तासन्‌तास माणसाला खोलीबाहेर पडू देत नाहीत. याला ते 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. असली अटक आपल्या कायद्यात कुठंही नाही. पण त्या टोळ्यांची पहिली अट काय असते, ते नीट पाहा : घरात कुणाला सांगायचं नाही. ही अट म्हातारी माणसं इतकी सहज का पाळतात? कारण घरात सांगितलं तर काय ऐकावं लागेल ते त्यांना पाठ असतं. "तुम्हाला किती वेळा सांगितलं!" "कशाला उचलता अनोळखी फोन!" "आणा तो फोन इकडे!" गेली पाचसात वर्षं आपण त्यांना लहानसहान चुकांवर हेच ऐकवत आलो आहोत. ज्या दाराकडे त्यांनी धावत यायचं ते दार आपणच ओढून घेतलं आहे, आणि चोराला बाहेरून फक्त कडी घालावी लागते. पैसे गेल्यावर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावं तितकी ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. भीतीनं घालवलेली एक रात्र पुरते, आयुष्याची कमाई खात्याखात्यांतून पसार होते. आपल्या आईवडिलांचं खरं रक्षण करायचं असेल तर त्यांच्या फोनवर डोळा ठेवून ते होणार नाही. चुकलो हे त्यांना न घाबरता सांगता आलं पाहिजे, आणि ती सवय लाइटबिल अडकतं तिथूनच लागते.

आणखी एक कटू गोष्ट. आपल्यातल्या अनेकांच्या मनात कुठंतरी जुना हिशेब असतो. दहावीत असताना माझी डायरी आईनं वाचली होती आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. आपली पत्रं फोडली गेली, फोन चोरून ऐकले गेले, मैत्रिणी कोण, मित्र कोण याच्या चौकश्या झाल्या. मुलांना काय खासगी, असं मानणाऱ्या घरांत आपण वाढलो, आणि आता म्हाताऱ्यांना काय खासगी, असं मानणारी घरं चालवतो. नावं बदलली, घर तेच. कुणीतरी हे थांबवायला हवं, आणि आज हाताची ताकद आपल्याकडे आहे, म्हणून ते आपल्यावर येतं.

थांबवायचं कसं, तर शिकवून. आपल्या महाराष्ट्रात सुधारणा पाटीवरून घरात आली. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं, न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना. रानड्यांच्या घरातल्या बायकांनी त्या शिकण्याला केवढा विरोध केला, ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. घरातल्या घरात शिकवणं हे चौकातल्या भाषणापेक्षा अवघड असतं, कारण शिकणाऱ्याचा कमीपणा आणि शिकवणाऱ्याचा उतावळेपणा दोन्ही उघडे पडतात. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या बायका गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून येऊ लागल्या. त्या वयात हात वळतो, अक्षर बसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मग फोनवरचे तीन ठिपके आपल्या आईला या जन्मी कळणार नाहीत, हे आपण कशावरून ठरवलं?

नाना छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, बहुतेक काळ पहिलीच्या वर्गावर. मी त्यांच्या हातातून फोन घेऊन पटकन काही करून दिलं, की ते म्हणायचे, "हात धरून गिरवलेलं अक्षर पोराचं नसतं, मास्तरचं असतं." मला ते तेव्हा कुरकुर वाटायचं. आता आमचा नियम आहे : फोन त्यांच्या हातात, माझे हात पाठीमागे. फोनची भाषा मराठी केली, अक्षरं मोठी केली. मराठी केल्यावर मीच अडखळायला लागले, मला सगळं इंग्रजी नावांनीच ठाऊक होतं. त्यातली काही नावं अवजड आहेत, नानांनी त्यांना आपली नावं दिली. त्यांची शंभर पानी वही आहे, पायऱ्या त्यांच्याच शब्दांत : 'वर उजवीकडे तीन टिंबं, मग खालून दुसरं.' तोच प्रश्न आठ वेळा येतो. आठव्यांदाही पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. पहिलीच्या वर्गात त्यांनी छत्तीस वर्षं दुसरं काय केलं?

आणि पहिला धडा बिल भरण्याचा नको, कुलूप बदलण्याचा हवा. नवा पिन घालताना आपण पाठ फिरवायची. दुसरा धडा शोधलेलं पुसायचा. ज्याला आपलं शोधलेलं पुसता येतं तो न घाबरता शोधतो, मनातली शंका विचारतो, शिकतो. ज्याला ते येत नाही तो एक दिवस शोधणंच सोडतो. आणि फोनवर काय करायचं, काय नाही, हेही ज्याचं त्यानंच ठरवावं. पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याचंच बघा. २०१४ पासून तो डिजिटल मिळतो, २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही देता येतो. नाना तरीही नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही करतात, रांगेत जुने सहकारी भेटतात म्हणून. जाऊ द्यावं. येतं म्हणून सगळं फोनवरच करायला हवं असं नाही.

ज्यांची दृष्टी गेली, हात थरथरतात, आठवण टिकत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी फोन उघडावाच लागणार. तिथं काय करायचं याचं उत्तर मला नानांनीच दिलं, गोळ्यांचा शेवटचा महिना चालू असताना, एका दुपारी.

पाटण तालुक्यातलं त्यांचं गाव. १९५८ साल, नाना दहा वर्षांचे. गावातले पुरुष मुंबईत, कोण गिरणीत, कोण गोदीत, कोण हमालीला. महिन्याला मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती जागा असायची, तेवढ्या जागेत संसार चालायचा. कधी निळं आंतर्देशीय पत्र यायचं. बायकांना वाचता येत नव्हतं, गुरुजी चौथीच्या पोरांना पाठवायचे आणि पाठवताना बजावायचे : वाचताना शब्द गाळायचा नाही, उंबरा ओलांडताना शब्द न्यायचा नाही. अशाच एका पत्रात नवऱ्यानं लिहिलं होतं, की त्यानं मुंबईत दुसरं घर केलं आहे, दिवाळीला येणार नाही. नानांना दुसरं घर म्हणजे काय ते पुरतं कळलंही नाही, पण वाचता वाचता समोरच्या बाईचा चेहरा पाहून ते थांबले. ती म्हणाली, "वाच बाळा, सगळं वाच." त्यांनी सगळं वाचलं. तिनं पत्र घडी घालून कमरेला खोचलं आणि त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"घरी आल्यावर आईनं विचारलं, काय रं लिवलंय तिच्या मालकानं?" नाना म्हणाले. "मी म्हणालो, बरा हाय म्हणतोय."

त्यानंतर ती बाई गावात पंचवीस वर्षं जगली. रोज पाणवठ्यावर दिसायची, पुढं नानांच्या लग्नातही जेवून गेली. त्या पत्राबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. मला गोष्ट सांगितली तेव्हा ती जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मी सहज विचारलं, कोण होती हो ती, आपल्यापैकी कुणी? नाना माझ्याकडे बघत राहिले. नाव त्यांनी सांगितलं नाही.

परवा गेले होते तेव्हा त्यांना काहीतरी विचारायचं होतं, फोटो कुठंतरी जातात, सापडत नाहीत म्हणून. फोन आता सदऱ्याच्या खिशात नसतो, पुन्हा टीव्हीशेजारी असतो. त्यांनी तो उचलला, चष्मा लावला. "जरा तिकडं बघ," म्हणाले. मी खिडकीकडे तोंड केलं. अंगणात भाची कर्दळीला पाणी घालत होती, निम्मं स्वतःच्या पायांवर. मागून कुलूप उघडल्याचा बारीक आवाज आला.

"हं, बघ आता. एवढंच बघ."